मयत सभासद

काट्यावर बसलेल्या पोराने मान वर न करता विचारलं, “नंबर?” शोशोने एकेक आकडा सुटा करून सांगितला. पोराने वजन लिहिलं, पावती फाडली. तिने ती चारपदरी घडी करून स्वेटरच्या आतल्या खिशात सरकवली आणि रिकामं पोतं झटकत बाजूला झाली. मागची बाई पुढे आली. पुन्हा “नंबर?” एवढंच झालं. पण घडी पडण्याआधी ती पावती माझ्या नजरेखालून गेली होती आणि तिच्यावर नाव होतं एका पुरुषाचं. शोशोची नात, म्हणजे माझी ऑफिसातली मैत्रीण, शेजारीच उभी होती. तिला विचारलं तर सहज म्हणाली, “गुकाचं नाव आहे.” किकुयूत शोशो म्हणजे आजी, गुका म्हणजे आजोबा. ते कुठे असतात, असं तोंडावर आलं होतं, तेवढ्यात सकाळी घरामागे केळीच्या कडेला पाहिलेलं थडगं आठवलं. मैत्रीण शाळेत होती तेव्हाच गेले ते. म्हणजे पंचवीसेक वर्षं एक मेलेला माणूस दर हंगामाला फॅक्टरीला कॉफी घालतोय, आणि त्यात कोणालाच काही वावगं वाटत नाही.

मलाही त्या क्षणी वाटलं नाही, खरं तर. वाटलं ते नैरोबीला परत आल्यावर, रात्री भांडी आवरताना.

न्येरीत, म्हणजे केनियाच्या डोंगराळ कॉफीच्या मुलखात, नोव्हेंबरात सकाळी ऊन असं पडतच नाही. केनिया पर्वत समोर असतो म्हणतात. मला दिसला तो फक्त ढग. लाल माती बुटांना अशी चिकटते की दर दहा पावलांवर थांबून काडीने खरवडावी लागते. हा मोठ्या हंगामाचा काळ, ऑक्टोबर ते डिसेंबर. एक छोटा हंगाम एप्रिल-मे-जूनमध्येही असतो, पण तो भाजीपाल्यापुरते पैसे देणारा. सोसायटीची फॅक्टरी डोंगरउतारावर, ओढ्याच्या काठी. वर पत्र्याची शेड, तिच्याखाली उतरत गेलेल्या सिमेंटच्या टाक्या आणि पाट, आणि त्याच्याही खाली जाळीचे माच, रांगाच्या रांगा. काट्यावर जायच्या आधी बायका तरटावर फळं ओततात आणि पाय पसरून निवडायला बसतात. गर्द लाल एकीकडे; हिरवी, अर्धीकच्ची, किडकी दुसरीकडे; झाडावरच वाळून काळी पडलेली तिसरीकडे. त्या काळ्या फळांना म्बुनी म्हणतात, त्यांचा भाव वेगळा आणि अर्थातच कमी. शोशोचे हात निवडत होते आणि ती स्वतः शेजारणीशी कुणाच्या तरी लग्नाबद्दल बोलत होती, एकदाही खाली न बघता. मी बसले मदतीला. माझ्या ढिगातून तिने न बोलता चार-पाच फळं उचलून पलीकडे टाकली. मला ती लालच दिसत होती, अजूनही दिसतात.

एक फळ तोंडात दाबून पाहिलं. साल जाड, आत गर असा नाहीच. बुळबुळीत, गोडसर पातळ थर आणि दोन बिया. कॉफीची चव शोधायला गेलं तर काही हाती लागत नाही. संध्याकाळी मशीन सुरू झालं आणि साली वेगळ्या होऊन एका बाजूला ढीग वाढायला लागला. बिया टाकीत रात्रभर आंबायला पडल्या. पहाटे तिथे जो वास होता तो मला थेट गावी घेऊन गेला. गोड आणि आंबट एकाच वेळी, नाकात बसणारा, कारखान्याच्या मागच्या बाजूने जाताना मळीचा येतो तसा. मैत्रिणीने नाक मुरडलं. मी उलट दोनदा आत ओढून घेतला.

सकाळी गमबूट घातलेली माणसं लाकडी फावड्यांनी त्या बिया पाटाच्या पाण्यात वर-खाली रेटतात. जड बी तळाशी राहते, हलकी तरंगत पुढे जाते. एवढ्यावरच पहिला, दुसरा, तिसरा दर्जा ठरतो. धुवून झालेली बी अजून पांढुरक्या टरफलात असते आणि माचावर पसरताना बारीक खडे ओतल्यासारखा आवाज करते. मग दहा-पंधरा दिवस तिच्याभोवती नुसती राखण: भर उन्हात झाका, पाऊस आला झाका, रात्री झाका, मधल्या वेळात हाताने उलटीपालटी करा, फुटकी-डागाळलेली वेचून काढा. शोशोने जाता जाता एका माचावरची बी उचलली, दाढेखाली धरली, कट्‌ आवाज ऐकला आणि “अजून दोन दिवस” असं म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. फॅक्टरीच्या मॅनेजरने मात्र मान हलवली.

घरी आल्यावर तिने चहा केला. दूध घालून उकळलेला, भरपूर साखरेचा, थेट आपल्यासारखा. केनियावर लिहिणारा प्रत्येक जण इथे थांबून हळहळतो की बघा, जगातली महागडी कॉफी पिकवणारी माणसं स्वतः चहा पितात. देशात पिकलेली बहुतेक सगळी कॉफी बाहेर जाते हे खरंच आहे. पण मला त्यात हळहळण्यासारखं फारसं दिसत नाही. कापूस पिकवणारा काय मलमलच नेसतो? शिवाय कॉफी पिणारा केनियाही आहे: मोम्बासाच्या जुन्या गावात संध्याकाळी पितळी उंच किटल्या निखाऱ्यांवर ठेवून म्हातारे कहावा चुंगू विकतात, काळी, कडू, आल्याची, सोबत खोबऱ्याची कशाता. तो किनाऱ्यावरचा, अरबी वळणाचा जुना रिवाज, डोंगरातल्या मळ्यांशी त्याचं काही देणंघेणं नाही. डोंगरात कॉफी आली ती पिण्यासाठी आलीच नव्हती. ती आली विकण्यासाठी, आणि विकायचं कोणी याची यादी आधी ठरलेली होती.

१८९३ साली फ्रेंच मिशनरी पाद्र्यांनी रियुनियन बेटावरची रोपं टाइटा टेकड्यांमध्ये, बुरा इथे लावली, तिथून ती नैरोबीच्या मिशनपर्यंत आली. शेजारी इथिओपियात कॉफी रानात आपोआप उगवते आणि इथे ती एवढा वळसा घालून, समुद्रावरून आली, ही एक गंमतच. पुढे गोऱ्यांचे मळे झाले. किकुयू माणसाने त्या मळ्यांत राबायचं, बायकांनी पोरं पाठीशी बांधून फळं तोडायची, पण स्वतःच्या वावरात झाड लावायचं नाही. कारणं सांगितली जायची ती रोगाची, दर्जाची, चोरीची. खरं कारण साधं होतं: घरची कॉफी असती तर मळ्यावर मजुरीला आलं असतं कोण? १९३० च्या दशकात किसी, मेरू, एम्बू भागात मोजक्या आफ्रिकन शेतकऱ्यांना परवानगी मिळाली. गोऱ्यांच्या मळ्यांना खेटून असलेल्या किकुयू भागाला मात्र १९५० च्या दशकापर्यंत थांबवून ठेवलं. (आपल्या लोकांनी यात फार छाती काढायचं कारण नाही. त्या उंच पठारावर हिंदी माणसालाही जमीन घेता येत नव्हती, तेव्हा तो खाली दुकान टाकून बसला आणि ज्याला कॉफी लावता येत नव्हती त्यालाच साखर आणि चहा विकत राहिला.)

मग ब्रिटिश राजवटीविरुद्ध माऊ माऊचा उठाव झाला. १९५२ मध्ये आणीबाणी लागली आणि १९५४ मध्ये, ऐन दडपशाहीच्या काळात, स्विनर्टन योजना आली. कृषी खात्यातल्या अधिकाऱ्याच्या नावाची ही योजना म्हणत होती, आफ्रिकन शेतकऱ्याला जमिनीचे तुकडे एकत्र करून द्या, त्याची पक्की नोंद करा, कॉफीसारखं नगदी पीक लावू द्या. पोट भरलेला माणूस जंगलात जाऊन बंदूक धरत नाही. कागदावर वाचताना शहाणपणाची वाटते. शोशोकडून ऐकताना वेगळी वाटते. ती तेव्हा दहा-अकराची असेल. त्याच सुमाराला दहा लाखांवर किकुयू लोकांना घरं मोडून पहाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये कोंबलं गेलं होतं. वस्तीभोवती खोल चर, चरात अणकुचीदार खुंट. चर खणायला बायका आणि पोरी, कारण पुरुष एक तर कैदेत नाहीतर जंगलात. डोंगरउतारावर ज्या सुबक पायऱ्या आज दिसतात, ज्यांचे फोटो कॉफीच्या पाकिटांवर असतात, त्यातल्या कितीतरी बायकांनी सक्तीच्या कामात खणल्या. हे सांगताना शोशोचा आवाज चढला नाही की उतरला नाही. हाताने फक्त कुदळ उचलायची खूण केली, दोनदा, आणि पुन्हा शेंगा सोलायला लागली.

आणि जमिनीची नोंद झाली ती घरच्या पुरुषाच्या नावाने. जो कैदेत होता त्याच्या वाट्याला काय येतंय हे ठरवायला तो हजर नव्हता. जो सरकारच्या बाजूला होता त्याला चांगला तुकडा मिळाला, हे तिथे सगळ्यांना माहीत आहे. बाई तर मोजणीच्या साखळीत कुठेच नव्हती. पूर्वीच्या रीतीत कोणत्या बाईचं वावर कोणतं, हे निदान गावाला ठाऊक असायचं. कागदावर ते उरलं नाही. जमीन ज्याच्या नावाची, झाड त्याचं. झाड ज्याचं, सोसायटीचा सभासद तो. सभासद जो, नंबर त्याचा.

गुकाचा नंबर तीन आकडी आहे, याचा घरात अभिमान आहे. आता नवीन सभासदांचे नंबर चार-चार आकडी असतात. तीन आकडी म्हणजे पहिल्या फळीतला, सोसायटी उभी राहिली तेव्हाचा. हे मला कोणी समजावून सांगायची गरजच पडली नाही. आमच्या घरी ओसरीत आजोबांचं शेअर सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये आहे, त्यांच्या फोटोच्या शेजारी. आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, उसाचं. प्रवरेला १९५० साली कारखाना उभा राहिला, मग आजूबाजूला उभे राहत गेले, ती गोष्ट नव्याने सांगायला नको. आमच्या आजोबांनी जवळच्या कारखान्याचा शेअर घेतला तो बैल विकून, असं घरात सांगतात. बैल कोणाच्या माहेरून आला होता, हे सांगत नाहीत. उसाला रात्रीच्या लाइटीवर पाणी द्यायला आई जायची, बॅटरी आणि काठी घेऊन. शेअर आधी आजोबांचा होता, आता वडिलांचा असावा असं आम्ही समजून चाललो होतो. कारखान्याच्या निवडणुकीच्या वेळी गावात विनोद ठरलेला असायचा: मयत सभासद मतदान करून गेले, आता जिवंतांनी बाहेर पडा.

न्येरीतून परतल्यावर मला पहिल्यांदा तो विनोद आतून आठवला.

कॉफीचा वारसा म्हणून नैरोबीत पाहुण्यांना दाखवतात तो वेगळाच. एका डॅनिश बाईंचा मळा होता न्गाँगच्या टेकड्यांच्या पायथ्याशी. जागा जास्तच उंच, माती आम्ल, कॉफी कधी नीट आलीच नाही आणि १९३१ साली मळा विकला गेला. घेणाऱ्याने प्लॉट पाडले. आज तो भाग करेन या नावाने ओळखला जातो, श्रीमंतांचा आहे, आणि बाईंच्या घराचं संग्रहालय आहे. आवारात जुनी यंत्रं गंजत उभी आहेत, पर्यटक त्यांच्या पुढ्यात फोटो काढतात. मीही गावाहून आलेल्या पाहुण्यांना हौसेने नेते. घर सुंदर आहे, व्हरांडा तर फारच. पण एवढ्या मोठ्या पिकाच्या आठवणीसाठी नेमका न चाललेला मळा जपून ठेवावा, याचं हसू येतं. ज्या मळ्यांवर खरोखर कॉफी पिकली त्यांचं काय झालं ते बघायचं तर थिका रोडने जावं: रुइरूच्या आसपास मोठमोठ्या मळ्यांच्या जागी गृहसंकुलं, टाटू सिटीसारखी आखीव नगरं. विद्यापीठाजवळच्या एका उपनगराचं नाव तर कहावा सुकारी, कॉफी-साखर. तिथे या दोन्हींपैकी काही पिकत नाही. फ्लॅटचे भाव बरे आहेत.

पण खोडं जिवंत आहेत, न्येरीत तरी. गुकाने लावलेली झाडं एस.एल. २८ जातीची. काबेटेच्या स्कॉट प्रयोगशाळेने १९३० च्या दशकात निवडलेली ही जात, तिचं मूळ टांगानिकातल्या, म्हणजे आजच्या टांझानियातल्या, दुष्काळाला न डगमगणाऱ्या झाडांमध्ये. नंतर रोगाला दाद न देणारी रुइरू ११ आली, मग बाटियान आली. शोशो दोन्ही लावते, पण कौतुक जुन्याचं करते. झाड म्हातारं झालं की बुंध्यापासून कापतात, नवे फुटवे वर येऊ देतात, त्यातले दोन-तीन राखतात. अशी कितीतरी आवर्तनं झाली. वर सगळं नवं, खाली बुंधा साठ वर्षांचा, गुडघ्याएवढा, शेवाळलेला. तिने त्यावर कोयत्याची पाठ आपटून मला दाखवलं. आवाज भरीव होता.

चांगले दिवसही येऊन गेले. जुलै १९७५ मध्ये ब्राझीलमध्ये दव गोठवणारी थंडी पडली, तिथले मळे जळाले आणि जगभर भाव भडकले. १९७६-७७ मध्ये केनियातल्या कॉफीवाल्यांकडे पैसा आला तो असा की अजून त्याच्या गोष्टी सांगतात. युगांडात इदी अमीनचा कारभार, तिथल्या शेतकऱ्याला दाम मिळेना, म्हणून तिथली कॉफी रात्री एल्गॉन पर्वताच्या वाटेने, गाढवांवरून, डोक्यावरून इकडे यायची. सीमेवरचं चेप्कुबे हे बाजाराचं गाव त्यावर अचानक फुगलं. न्येरीत तस्करी नव्हती, नुसती भरभराट होती. शोशोच्या घरावरचं गवत गेलं आणि पत्रा आला तो त्या वर्षी. पोरांच्या फिया भरल्या गेल्या. गावाने वर्गणीतून हायस्कूल बांधलं आणि वर्गणी म्हणजे काय, तर कॉफीच्या बिलातली कपात. (हे ऐकून मी इतकी ओळखीची हसले की मैत्रीण बघतच राहिली.) आणि बिल निघालं की कराटिनाच्या बारमधून बाप हुडकून आणायला पोरं पाठवायची पद्धतही त्याच काळातली. पावती गुकाच्या नावाची होती, पैसेही तोच घेऊन यायचा. किती निघाले होते आणि किती घरी पोचले, यातला फरक शोशोला कळायला मार्ग नव्हता. “चांगला माणूस होता,” ती म्हणाली, आणि थोडं थांबून, “बाकीच्यांपेक्षा.”

मग १९८९ आलं. जगातल्या देशांनी कॉफीचा कोटा ठरवून घेण्याचा करार मोडला आणि भाव कोसळले. तेव्हा केनियाचं पीक वर्षाला सव्वा लाख टनांच्या पुढे गेलेलं होतं. आज ते पन्नास हजारांच्या आगेमागे घुटमळतंय. मधल्या काळात सोसायट्या फुटल्या, एकीच्या तीन झाल्या, कुठे कुठे मारामाऱ्या झाल्या, रात्री फॅक्टऱ्यांवर दरोडे पडून पोती पळवली गेली. वर्षभराचं बिल कर्ज, खत, औषध, दळण, वाहतूक, कमिशन यांतून खाली येईपर्यंत किलोमागे दोन-चार शिलिंग उरायचे, तेही दीड वर्षाने. कॉफी उपटायला मात्र कायद्याने बंदी. राष्ट्राचं परकीय चलन होतं ते, वावर तुमचं असलं म्हणून काय झालं. तेव्हा बायकांनी जे केलं ते मला फार आवडतं. त्यांनी झाड उपटलं नाही. ओळींच्या मधे घेवडा लावला, बटाटे लावले. साहेब लोक सांगून गेले होते की आंतरपिकाने दर्जा बिघडतो. घेवड्याला पाणी-खत मिळालं, कॉफीला जे उरेल ते. “घेवड्याची पावती कोणी फाडत नाही,” शोशो म्हणाली. घेवडा बाजारात जायचा, पैसे कमरेला यायचे, नंबर विचारायला कोणी नसायचं. अर्थशास्त्राच्या अहवालांत याला उत्पादनातली घट म्हटलं आहे.

आता भाव पुन्हा बरे आहेत. मंगळवारी नैरोबीला लिलाव होतो. दाण्याच्या आकारावरून ए.ए., ए.बी., एकांडा गोल दाणा असेल तर पी.बी., अशा प्रतवाऱ्या लागतात. लांबचे खरीददार चमच्याने भुरके मारून ठरवतात की यात काळ्या मनुकांची चव आहे की टोमॅटोची. चांगल्या फॅक्टऱ्यांनी अलीकडे फळाला किलोमागे शंभर शिलिंगांच्या वर दिले आहेत. आणि २०२३ पासून नवी व्यवस्था आली आहे: लिलावाचे पैसे मधल्या हातांत न अडकता थेट शेतकऱ्याच्या खात्यात. वाचून मी टाळीच वाजवणार होते. आमच्याकडे उसाचं बिल चौदा दिवसांत मिळायला हवं म्हणून किती मोर्चे निघाले ते आठवून.

पण थेट खात्यात म्हणजे कोणाच्या? खात्याला ओळखपत्र लागतं आणि ओळखपत्राला जिवंत माणूस. इतकी वर्षं सोसायटीत सगळे ओळखीचे होते. शोशो पासबुक घेऊन गेली की खिडकीतला माणूस तिच्या हातात पैसे द्यायचा, अंगठ्याऐवजी ती कसलीशी सही करायची, विषय संपला. आता नोंदणीचे कागद आले आहेत आणि त्यावर गुकाचा नंबर कॉम्प्युटर मागतो तसा भरता येत नाही. मैत्रीण म्हणाली, सोपं आहे, नंबर शोशोच्या नावावर करून घेऊ. २०१० च्या राज्यघटनेने बायकांना जमिनीत बरोबरीचा हक्क दिलाय, आता कोण अडवणार? चीफकडून, म्हणजे भागातल्या सरकारी अधिकाऱ्याकडून, वारसांचं पत्र आणायचं, कोर्टात अर्ज, गॅझेटमध्ये जाहिरात, कोणाची हरकत नाही म्हटल्यावर नाव लागतं. मला तलाठी, वारसनोंद, फेरफार हे सगळं डोळ्यांपुढे आलं आणि मीही हिरिरीने म्हटलं, करूनच टाका. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्ती मोहीम काढली होती, नवऱ्यांनी आपण होऊन बायकांच्या नावे जमीन करून दिली होती, गावंच्या गावं, असं बरंच काही मी मैत्रिणीला ऐकवलं. मैत्रिणीने ते किकुयूत आजीला ऐकवलं.

शोशोने शांतपणे ऐकून घेतलं आणि नको म्हणाली.

का, तर तिला तीन मुलगे. एक नाकुरूला, एक नैरोबीत, एक शेजारच्याच घरात. जमीन दीड एकर. एकदा का वारस लागायला सुरुवात झाली की कागद तिच्यापाशी थांबणार नाही. धाकट्याला कॉफी काढून हास ॲव्होकाडो लावायचाय, सगळं खोरं लावतंय. व्यापारी बागेत येऊन रोख देतात. नैरोबीवाल्याला रस्त्याकडेचा तुकडा विकायचाय. मोठा काही बोलत नाही, म्हणजे त्याचं सगळ्यात मोठं काहीतरी असणार. “गुकाच्या नावावर आहे तोवर वाटणी मागायची तर त्यांना त्याच्याकडे जावं लागेल,” ती म्हणाली आणि केळीच्या दिशेने हनुवटी उडवली. मग स्वतःच खूप हसली, डोळ्यांना पाणी येईपर्यंत.

हे माझ्या कुठल्याच खणात बसेना. ज्या कागदाने तिला साठ वर्षं बाहेर ठेवलं, त्याचाच तिने कुंपणासारखा उपयोग केला होता. नवरा असताना नंबर त्याचा होता. तो गेल्यावर, नाव न बदलता, तो हळूहळू तिचा झाला. मेलेल्याच्या नावाखाली तिने कॉफी घातली, पैसे घेतले, कोणत्या झाडाचा कोणता फुटवा ठेवायचा ते ठरवलं, दोन नातवंडांना कॉलेजात घातलं. तिला हक्क द्यायला निघालेली सगळी मंडळी, सरकार, घटना, नात आणि नगर जिल्ह्यातून आलेली मी, आता तिच्या दारात कागद घेऊन उभी होतो. बरं, ती बरोबर आहे असंही मला म्हणवत नाही. उद्या ती गेली तर नंबर, जमीन, झाडं सगळंच हवेत. शेजारच्या वाडीत अशाच एका विधवेला दिरांनी बाहेर काढल्याचं मैत्रिणीनेच सांगितलं होतं. आणि नातीला काय मिळणार? तिचं नाव तर कोणाच्याच यादीत नाही. मैत्रीण त्यावर काही बोलली नाही. परतीच्या वाटेवर गाडी तिने जरा जोरातच चालवली.

डिसेंबरात सगळे मुलगे ख्रिसमसला घरी येतील तेव्हा बोलणं होईल असं ठरलं आहे. तोडणी संपेपर्यंत विषय काढायचा नाही, असा शोशोचा हुकूम आहे. खात्याचा पर्याय म्हणून धाकट्या मुलाचं ओळखपत्र लावा, असं सोसायटीतून कोणीतरी सुचवलं, ते तिने ऐकलं नाहीसं केलं. सध्या पावत्या गुकाच्याच नावाने फाटताहेत.

मी आईला फोन करून विचारलं, आपल्या कारखान्याचा शेअर नक्की कोणाच्या नावावर आहे. वडिलांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई म्हणाली, “तुझ्या आजोबांच्याच की. तुझ्या वडिलांनी कुठं बदलला?” म्हणजे साखर कोणाच्या नावावर येते दिवाळीला? “त्यांच्याच. मी कार्ड घेऊन जाते, देतात.” बदलून घे ना मग तुझ्या नावावर, असं जिभेवर आलेलं मी गिळलं, आणि त्याऐवजी तिला न्येरीचं सगळं सांगत बसले: काटा, पावती, माच, दाढेखालची बी. तिने मधेमधे हुंकार दिला. आंबलेल्या टाकीच्या वासाचं सांगितलं तेव्हा म्हणाली, मळीसारखा असेल. मग विचारलं, “भाव काय देतात तिथं?” मी म्हटलं, किलोला शंभर-सव्वाशे शिलिंग, चांगल्या फॅक्टरीत. तिने शिलिंगाचे रुपये करायला लावले, बरं म्हणाली, आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला.

“हां, पण त्यातून कापतात किती?”